एकोणतीस मिनिटांत अठरा मरणे

‘हॉरिफाइड’ हा अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या फ्लिंट शहरातल्या ‘रिपल्शन’ या बँडचा एकमेव स्टुडिओ अल्बम. ध्वनिमुद्रण १९८६, प्रकाशन १९८९, गाणी १८, एकूण लांबी सुमारे २९ मिनिटे. एवढ्या वेळात जिवंतपणी खाल्ले जाणे, आम्लाने स्नान करणे, किरणोत्सर्गाने आजारी पडणे, कुजणे, जळणे, पुरले जाणे आणि शवपेटीत अळ्या होणे ही सगळी कामे उरकली जातात. एका गाण्याच्या वाट्याला सरासरी दीड मिनिटाहून थोडा अधिक वेळ येतो. माणसाच्या अंताचा असा झपाटा साथीच्या रोगातही सहसा दिसत नाही. थ्रॅश मेटल आणि ग्राइंडकोअर या दोन संगीतप्रकारांचा सांधा ज्या मोजक्या अल्बमांत स्पष्ट दिसतो, त्यांत याचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. भीती हा विषय असलेल्या या अल्बमाचा इतिहास पाहता मात्र त्याला खरोखर घाबरल्या त्या फक्त रेकॉर्ड कंपन्या. श्रोते पहिल्यापासून खूश आहेत.

अल्बम समजण्यासाठी आधी त्याचे कूळ पाहावे लागते. थ्रॅश मेटल १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत, मुख्यतः कॅलिफोर्नियात वाढला. मेटॅलिका, स्लेयर, एक्झोडस ही त्यातली ठळक नावे. हेवी मेटलची गिटार आणि हार्डकोअर पंकची घाई यांच्या संबंधातून हे अपत्य जन्मले. आईबापांपैकी कोणीच शांत स्वभावाचे नसल्यामुळे पोराकडूनही कोणाची तशी अपेक्षा नव्हती. तरीही थ्रॅशमध्ये काही रीतभात शिल्लक असते. गाण्याला सुरुवात, मध्य आणि शेवट असतो. गिटारवादकाला एकट्याने चमकायची संधी मिळते. श्रोत्याने कान टवकारले तर शब्दही कळतात.

या सवलती काढून घेतल्या की ग्राइंडकोअर सुरू होतो. गाणी आखूड, वेग अमानुष आणि गायन घशाच्या तळापासून. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचा ‘नेपाम डेथ’ हा बँड या प्रकाराचा अध्वर्यू मानला जातो, आणि प्रकाराचे नाव रूढ करण्याचे श्रेय त्यांचा ड्रमर मिक हॅरिस याला देतात. १९८७ साली निघालेल्या त्यांच्या ‘स्कम’ या पहिल्या अल्बमात २८ गाणी आहेत. त्यांतले ‘यू सफर’ १.३१६ सेकंदांचे आहे, आणि जगातील सर्वांत लहान ध्वनिमुद्रित गाणे म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद झाली. प्रत्यक्ष कार्यक्रमात या गाण्यानंतरच्या टाळ्या गाण्याच्या कितीतरी पट लांबतात. ते आवडले नाही म्हणून मध्येच उठून जाणे आजवर कोणाला जमलेले नाही.

हा वेग ज्यावर चालतो ते यंत्र म्हणजे ब्लास्ट बीट. यात ड्रमर स्नेअर आणि बेस ड्रम यांवर एकाआड एक, किंवा दोन्हींवर एकाच वेळी, न थांबता सारख्या अंतराने आघात करतो आणि त्याच ओघात झांजही चालू ठेवतो. साध्या रॉक संगीताला पायाने ठेका धरता येतो. ब्लास्ट बीटला तसा ठेका धरू पाहणाऱ्याच्या पोटरीत गोळा येतो. म्हणून जाणकार श्रोते मान हलवतात, आणि तीही मधले बरेच ठोके सोडून देऊन, कारण मणके मोजकेच असतात. नवख्या कानाला हा सगळा गोंधळ वाटतो. प्रत्यक्षात तो मनगट आणि घोटा यांच्या कडक शिस्तीचा भाग आहे. एखादा ठोका चुकला तर सभागृहातल्या कोणालाही पत्ता लागत नाही, पण बँडमधल्या बाकीच्यांना तेवढाच ऐकू येतो.

आता गाव. फ्लिंट हे मोटारींचे शहर. जनरल मोटर्स ही कंपनी १९०८ मध्ये इथेच स्थापन झाली. १९३६-३७ च्या हिवाळ्यात कामगारांनी तिच्या कारखान्यांत ठिय्या देऊन केलेला संप अमेरिकी कामगार चळवळीतला मोठा टप्पा ठरला. १९८० च्या दशकात कंपनीने इथले कारखाने बंद करायला घेतले, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या आणि शहराची रया गेली. याच विषयावरचा मायकल मूर यांचा ‘रोजर अँड मी’ हा माहितीपट १९८९ साली आला, म्हणजे ‘हॉरिफाइड’ प्रकाशित झाला त्याच वर्षी. फ्लिंटमधून एकाच वर्षात असे दोन दस्तऐवज बाहेर पडले. मूर यांनी शहर कशाने मेले त्याची चौकशी केली. रिपल्शनने चौकशीच्या भानगडीत न पडता थेट प्रेताचे वर्णन सुरू केले.

बँडची सुरुवात १९८४ ची. स्कॉट कार्लसन हा बेस वाजवणारा आणि गाणारा, मॅट ऑलिव्हो हा गिटारवादक. बँडचे नाव आधी टेम्प्टर होते, मग अल्ट्राव्हायलन्स झाले, मग जेनोसाइड आणि अखेर रिपल्शन. नाव बदलले की नशीब बदलते ही समजूत मिशिगनमध्येही असावी. नशीब मात्र प्रत्येक वेळी जुन्याच पत्त्यावर सापडत राहिले.

१९८५ मध्ये एक मोठी संधी चालून आली. फ्लोरिडातल्या चक शुल्डिनर या तरुणाने त्या दोघांना आपल्या ‘डेथ’ या बँडमध्ये बोलावले. दोघे मिशिगनची थंडी सोडून फ्लोरिडाला गेले. तिथे ऊन मुबलक होते, मृत्यूबद्दल लिहायला सवंगडी होता, फक्त हव्या त्या वेगाने वाजवणारा ड्रमर मिळेना. काही महिन्यांत दोघे फ्लिंटला परतले. शुल्डिनरने पुढे १९८७ साली ‘स्क्रीम ब्लडी गोर’ काढला आणि डेथ मेटलच्या आद्यपुरुषांत त्याची गणना होऊ लागली. या क्षेत्रात मृत्यूचा तुटवडा कधीच पडला नाही. टंचाई कायम ड्रमरची राहिली.

फ्लिंटमध्ये ती टंचाई डेव्ह हॉलिंग्सहेड याने दूर केली. त्याचे टोपणनाव ‘ग्रेव्ह’, त्यामुळे मुलाखतीचा अर्धा भाग आधीच उरकलेला होता. अॅरन फ्रीमन दुसऱ्या गिटारवर आला आणि चौकडी पुरी झाली. जून १९८६ मध्ये त्यांनी अठरा गाणी ध्वनिमुद्रित केली. पैसे घातले गावातल्या ‘वायट अर्प रेकॉर्ड्स’ या दुकानाच्या मालकाने. कलेच्या इतिहासात राजाश्रय मिळालेले कलावंत पुष्कळ आहेत. इथे आश्रयदाता रेकॉर्ड विकणारा दुकानदार होता, आणि बँडची उधारी, आवाज आणि स्वभाव तिन्ही ठाऊक असूनही त्याने खिशात हात घातला. तेव्हा या संचाचे नाव ‘स्लॉटर ऑफ द इनोसंट’ असे होते.

संगीताचे वर्णन थोडक्यात असे. गिटारचे सूर थ्रॅशच्या शाळेतले आहेत. छोट्या, धारदार, लक्षात राहणाऱ्या ओळी एकापाठोपाठ येतात आणि दोनदा ऐकल्यावर गुणगुणता येतात, अर्थात घरात कोणी नसेल तर. ड्रम मात्र ग्राइंडकोअरचे आहेत, आणि तेही त्या प्रकाराचे नाव रूढ होण्याआधीचे. या दोहोंना जोडतो तो बेस. सर्वसाधारण बँडमध्ये बेस गिटार सभ्यपणे मागे राहून इतरांना आधार देते. कार्लसनने तिच्यावर इतके डिस्टॉर्शन, म्हणजे सूर फाटून खरखरीत होईल असे विद्रूपीकरण, चढवले आहे, की ती करवतीसारखी सगळ्या वाद्यांच्या पुढे धावते. गायन घोगरे, ओरडलेले, पण पुढे आलेल्या कित्येक बँडांच्या मानाने स्वच्छ. मधूनमधून एखादा अख्खा शब्दसुद्धा कळतो, आणि तो बहुधा गाण्याचे शीर्षकच असतो.

तुलनेसाठी स्लेयरचा ‘रेन इन ब्लड’ उपयोगी पडतो. तो त्याच वर्षी, ऑक्टोबर १९८६ मध्ये आला आणि त्याचीही लांबी जवळपास २९ मिनिटेच. स्लेयरने तेवढ्या वेळात दहा गाणी बसवली आणि वेगाचा कळस म्हणून त्यांचा गौरव झाला. रिपल्शनने चार महिने आधी त्याच मापात अठरा गाणी कोंबली होती. ती ऐकायला तेव्हा कोणी नव्हते, त्यामुळे कळस स्लेयरच्या नावावर राहिला.

विषयांच्या दृष्टीने अठरा गाण्यांची ढोबळमानाने चार खाती पडतात. पहिले खाते मरण्याच्या पद्धतींचे. ‘ईटन अलाइव्ह’, ‘अॅसिड बाथ’, ‘बॉडिली डिसमेंबरमेंट’ आणि ‘स्लॉटर ऑफ द इनोसंट’ ही गाणी त्यात मोडतात. दुसरे खाते मरणानंतरच्या कार्यवाहीचे आणि ते सर्वांत मोठे आहे: ‘डीकंपोज्ड’, ‘पेस्टिलंट डिके’, ‘स्प्लॅटर्ड कॅडॅव्हर्स’, ‘सिक्स फीट अंडर’, ‘मॅगट्स इन युअर कॉफिन’, ‘क्रिमेटोरियम’. यात दहन आणि दफन या दोन्ही पद्धतींना समान न्याय दिला आहे, त्यामुळे आपल्याला वगळले अशी तक्रार कोणत्याही धर्माच्या श्रोत्याला करता येणार नाही. तिसरे खाते मनाचे. ‘ड्रिव्हन टू इन्सॅनिटी’ आणि ‘द लर्किंग फिअर’ ही त्यातली गाणी, आणि यांतल्या दुसऱ्याचे नाव एच. पी. लव्हक्राफ्ट या अमेरिकी भयकथाकाराच्या १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कथेचे आहे. चौथे खाते सार्वजनिक आरोग्याचे. ‘रेडिएशन सिकनेस’मध्ये अणुयुद्धाची धास्ती आहे, आणि १९८६ साली ती कोणालाही अतिशयोक्ती वाटली नसती, कारण ध्वनिमुद्रणाच्या दोनच महिने आधी चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली होती. याच खात्यात ‘फेस्टरिंग बॉइल्स’ हे चिघळलेल्या गळवांवरचे गाणे येते. संपूर्ण अल्बममध्ये औषधाने बरे होण्याजोगे दुखणे एवढे एकच आहे.

ही सामग्री आली कुठून, याचे उत्तर सोपे आहे. ही पिढी व्हिडिओ कॅसेटच्या दुकानात वाढली. जॉर्ज रोमेरोचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ १९६८ चा, ‘डॉन ऑफ द डेड’ १९७८ चा. व्हीसीआर घरोघरी पोहोचल्यावर असे चित्रपट दिवाणखान्यात, आईवडील झोपल्यावर, पुन्हापुन्हा पाहता येऊ लागले. दहाव्यांदा पाहताना प्रेताची भीती उरत नाही. रंगकाम कुठे नीट जमलेले नाही ते दिसू लागते. या संगीतातले भय याच जातीचे आहे. ते घाबरलेल्या माणसाचे नसून संग्राहकाचे आहे. त्यात तपशील आहे, वर्गवारी आहे, चढाओढ आहे आणि दुसऱ्याकडे नसलेला नमुना आपल्याकडे असल्याचा निखळ आनंद आहे.

अमेरिकी समाजातल्या मोठ्यांना हा फरक समजला नव्हता. वॉशिंग्टनमधल्या नेत्यांच्या पत्नींनी, त्यांत टिपर गोर प्रमुख, १९८५ साली ‘पीएमआरसी’ ही संस्था काढली आणि गाण्यांतल्या आक्षेपार्ह मजकुराविरुद्ध मोहीम उघडली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली. संस्थेने पंधरा आक्षेपार्ह गाण्यांची यादी केली होती, तीत मॅडोना आणि प्रिन्स यांच्याबरोबर ‘व्हेनम’सारखे सैतानभक्तीचा आव आणणारे बँडही होते. यातूनच रेकॉर्डवर पालकांसाठी इशाऱ्याचे लेबल लावायची पद्धत आली. रिपल्शनचे नाव त्या यादीत असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण तोवर त्यांची रेकॉर्डच नव्हती. शिवाय शब्दांवर बंदी घालायची तर आधी ते ऐकू यावे लागतात. या प्रकारात गाण्याच्या मजकुराचा छापील कागद मिळेपर्यंत मुलाच्या नीतिमत्तेला कोणताही धोका पोहोचत नाही.

अल्बम तयार झाला आणि कंपन्यांकडे गेला. कोणीही घेतला नाही. व्यापाराच्या दृष्टीने पाहता त्यांचेही चुकले म्हणता येणार नाही: रेडिओवर वाजवता येत नाही, नाचता येत नाही, भेट देता येत नाही. १९८६ मध्येच बँड मोडला. अठरा मरणे नीट पार पाडलेल्या या मंडळींच्या स्वतःच्या पिंडाला मात्र कावळा शिवला नाही, कारण ती ध्वनिफीत आधीच टपालात पडली होती.

इंटरनेटपूर्व काळात जगभरचे मेटलप्रेमी एकमेकांना कॅसेट पाठवत. याला टेप ट्रेडिंग म्हणत. पत्र, याद्या, हाताने काढलेली मुखपृष्ठे आणि प्रतीची प्रत, तिचीही प्रत. प्रत्येक पिढीत खरखर वाढत जाई. मृदू संगीताचे त्यात नुकसान होते; या संगीताला ती अंगासरशी बसली. पोरांकडे टपालाचे पैसे नसत, म्हणून तिकिटांवर डिंकाचा पातळ थर देण्याची युक्ती रूढ होती. पलीकडच्याने शिक्का धुऊन काढायचा आणि तेच तिकीट पुन्हा वापरायचे. आंतरराष्ट्रीय टपालखात्याला चुना लावून सांस्कृतिक देवाणघेवाण कशी वाढवावी याचा हा वस्तुपाठ होता. युनेस्कोने त्याची दखल घेतली नाही.

ती फीत अटलांटिक ओलांडून इंग्लंडला पोहोचली आणि नेपाम डेथच्या मंडळींनी ती मन लावून ऐकली. रिपल्शनचे ऋण त्यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केले. लिव्हरपूलच्या बाजूचा ‘कार्कस’ हा दुसरा बँडही तिचा भक्त झाला. कार्कसच्या ‘रीक ऑफ प्युट्रिफॅक्शन’ या १९८८ च्या अल्बमाच्या मुखपृष्ठावर वैद्यकीय पुस्तकांतल्या शवांच्या छायाचित्रांचे चिकटचित्र होते आणि गाण्यांची भाषा शवचिकित्सेच्या शब्दकोशातून उचललेली. हे सर्व रचणारे जेफ वॉकर आणि बिल स्टिअर हे कट्टर शाकाहारी होते. मांस कसे दिसते हे एवढ्या बारकाईने सांगितल्यावर श्रोत्याचीही जेवणावरची वासना उडावी, असा त्यात हेतू असल्यास तो पुरा सफल झाला. बीबीसीचे निवेदक जॉन पील यांना हा अल्बम अतिशय आवडला आणि त्यांनी या बँडांना रेडिओवर आणले. सभ्य ब्रिटिश घरांत रात्री उशिरा चहाबरोबर हे संगीत ऐकू जाऊ लागले.

वॉकर आणि स्टिअर यांनीच शेवटी रिपल्शनचा प्रश्न सोडवला. नॉटिंगहॅमच्या ‘इअरएक’ या कंपनीखाली त्यांचे ‘नेक्रोसिस’ हे छोटे लेबल होते. त्यावर १९८९ साली तीच जुनी अठरा गाणी ‘हॉरिफाइड’ या नावाने प्रकाशित झाली. अमेरिकेत कोणी न घेतलेला माल इंग्लंडहून आयात होऊन अमेरिकेत प्रतिष्ठित झाला. भारतीय वाचकाला या मार्गाचे वेगळे स्पष्टीकरण देण्याची गरज नाही.

प्रकाशनाच्या वेळी अल्बम तीन वर्षे जुना होता आणि त्याच्यापासून शिकलेले बँड आधीच नाव कमावून बसले होते. त्यामुळे पहिल्यांदाच ऐकणाऱ्या काहींना हे नेपाम डेथचे अनुकरण वाटण्याचा धोका होता. बापाने मुलासारखे दिसावे असा हा प्रकार. कालांतराने तारखा तपासल्या गेल्या आणि हिशेब दुरुस्त झाला. २००३ मध्ये ‘रिलॅप्स’ या अमेरिकी कंपनीने दोन तबकड्यांचा संच करून तो पुन्हा काढला. नेपाम डेथने ‘मॅगट्स इन युअर कॉफिन’ आणि स्वीडनच्या एन्टूम्ड या बँडने याच अल्बमातले ‘ब्लॅक ब्रेथ’ ध्वनिमुद्रित केले. सिअॅटलच्या एका बँडने तर याच गाण्याचे नाव धारण केले. कार्लसनने पुढे ‘कथीड्रल’ या बँडमध्ये बेस वाजवला. कथीड्रल काढला होता नेपाम डेथचा माजी गायक ली डोरियन याने, आणि तो बँड सुप्रसिद्ध होता संथपणाबद्दल. घाईचे प्रवर्तक वयोमानाप्रमाणे निवांत झाले, एवढाच त्याचा अर्थ. रिपल्शनची मंडळीही पुन्हा एकत्र येऊन अधूनमधून कार्यक्रम करू लागली. श्रोते तीच अठरा गाणी मागतात. नवा अल्बम आलेला नाही आणि त्यावाचून कोणाचे अडलेले दिसत नाही.

या संगीताच्या कार्यक्रमातील श्रोतृवर्ग हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. रंगमंचापुढे मॉश पिट नावाचे वर्तुळ होते. त्यात काळे टी-शर्ट घातलेली माणसे एकमेकांवर आदळतात. टी-शर्टवर बँडचे नाव मुळ्या आणि काटक्यांच्या लिपीत असते आणि ते वाचता येत नाही हीच त्याची खूण. बाहेरून पाहणाऱ्याला दंगल वाटते. आत कडक नियम असतात. कोणी पडला की सगळे थांबून त्याला उठवतात, चष्मा सापडला तर तो उंच धरून मालकाला शोधतात. गर्दीच्या वेळी लोकलमध्ये चढणाऱ्या मुंबईकराला ही आदळआपट नवी वाटणार नाही, चष्मा परत मिळण्याची सोय मात्र वाटेल. कार्यक्रम संपल्यावर हीच माणसे शांतपणे रांगेत उभी राहून कानातले बोळे काढतात आणि ड्रमच्या आवाजाची पातळी ठीक होती का, यावर बँकेतल्या लेखापरीक्षकांच्या गांभीर्याने चर्चा करतात.

‘हॉरिफाइड’चे मूल्यमापन करताना दोन गोष्टी मान्य कराव्या लागतात. भयकृती म्हणून तो अपयशी आहे. तो ऐकून कोणाची झोप उडाली असेल तर ती भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याची. संगीत म्हणून तो टिकला, कारण वेगाच्या खाली पक्क्या बांधणीची गाणी आहेत, आणि नंतर आलेल्या शेकडो बँडांनी वेग घेतला तरी ती बांधणी फार थोड्यांना साधली. ज्यांना या प्रकाराची सवय नाही त्यांनी ‘ब्लॅक ब्रेथ’पासून सुरुवात करावी. ते त्यातल्या त्यात संथ आहे. ते सोसले तर पहिल्या गाण्यापासून सलग ऐकावे, आवाज बेताचा ठेवावा आणि जेवण आधी उरकून घ्यावे.